टाच चांगली म्हणून खुबा चांगला?

नागपुरात अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: हाडं ठिसूळ झालीत का हे पाहायचंय? शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवा, दोन मिनिटांत हाडाच्या आतली जाळी सोनोग्राफीत दिसते, टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त, हे सांगणारा आकडा) उणे 2.5 च्या खाली गेला की गोळ्या सुरू करा. रेडिएशनवाला डेक्सा (क्ष-किरणांनी खुबा, कणा यांच्या हाडाची घनता मोजणारी तपासणी) हवाच कशाला?

आधी जाळीचं पाहू. शिबिरातल्या या मशीनवर सहसा चित्रच नसतं. टाचेच्या एका बाजूने ध्वनिलहरी सोडतात, दुसऱ्या बाजूला पकडतात. त्या किती वेगाने आल्या आणि वाटेत किती क्षीण झाल्या, एवढंच मोजतात. पोटाच्या सोनोग्राफीच्या लहरी हाडाच्या पृष्ठभागावरूनच परततात. म्हणून इथे त्याहून बरीच कमी, साधारण 0.2 ते 0.6 मेगाहर्ट्झ वारंवारता वापरतात. वारंवारतेगणिक लहरी किती जास्त क्षीण होतात हे मोजायची पद्धत लँग्टन आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडली. जाळी दाट असली की क्षय जास्त, विरळ असली की कमी. टाचेचं हाड जवळपास सगळंच जाळीदार, वर मांसही थोडं, म्हणून टाच. मात्र या आकड्यात हाडाची घनता किती आणि जाळीची वीण किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय पायाला सूज असेल, टाच जरा तिरकी ठेवली असेल, तरी आकडा हलतो. तापमानानेही हलतो, मे महिन्यात उन्हातून आलेला पाय आणि एसीत तासभर बसलेला पाय एकच कसा धरायचा?

हाडं ठिसूळ झाली हे ठरवायची उणे 2.5 ची रेघ जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये आखली, ती डेक्सासारख्या घनता-मापनासाठी. ती टाचेच्या मशीनला लावणं सरळ चूक आहे. गोळ्यांचा गुण आला का, हेही या मशीनवर तपासू नये.

रेडिएशनची भीती तर उगाचच. डेक्सात मिळतं ते निसर्गातून एक-दोन दिवसांत आपसूक मिळतं तेवढं.

पण टाचेची तपासणी थोतांड नाही, हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये 75 वर्षांपुढच्या हजारो स्त्रियांवर झालेल्या एपिडॉस अभ्यासात (1996) टाचेचा आकडा जितका कमी, तितका खुबा मोडण्याचा धोका जास्त आढळला. म्हणून शिबिरात आकडा कमी आला तर डॉक्टरांना दाखवून डेक्सा करा. आणि किरकोळ पडण्याने आधी हाड मोडलं असेल, किंवा स्टेरॉइड बरेच महिने चालू असतील, तर टाच कितीही ‘नॉर्मल’ आली तरी डॉक्टरांना विचाराच.