मांडीत विरलेली पँट

अल्टरेशनवाल्याने पँट उलटीसुलटी करून "नाय होनार साहेब, नवी घ्या" म्हटलं, इथवर मी ऐकून घेतलं. पण बाकड्यावरच्या काकांना कुणी विचारलं होतं? पिशवीचा तुटलेला बंद शिवून घ्यायला आलेला हा गृहस्थ. त्यांनी माझी पँट ओढून घेतली, ट्यूबलाइटसमोर धरली आणि विरलेल्या मांडीतून माझ्याकडे पाहिलं.

"दिसताय की तुम्ही!"

ब्लाउजची मापं द्यायला आलेल्या दोघी वळून बघायला लागल्या.

"मांड्या घासतात तुमच्या. वजन किती?"

"काका, मी चेनसाठी आलोय."

"चेन राहू द्या हो. इथं आतून तुकडा लावा, भोक पडायच्या आधी. तुम्ही लोक भोक पडल्यावर उगवता." मग त्यांनी मागची शिवण उलटली. "माया बघा, शिवणीत सोडलेलं जादा कापड, पाव इंच! माझ्या लग्नातल्या पँटीला टेलरनं दीड इंच सोडली होती. पोट सुटत गेलं, तशी पँटही सुटत गेली." तिथून काका लग्नातल्या जिलब्यांवर गेले आणि जिलब्यांवरून परत माझ्या वजनावर. तेवढ्यात त्यांचा बंद शिवूनही झाला. आणि म्हणे हे अल्टरेशनवाले बारीक कामं घेत नाहीत!

वैताग याचा की काकांचं सगळं बरोबर होतं. घरी पक्कड घेऊन रनरच्या, म्हणजे चेनवर सरकणाऱ्या तुकड्याच्या, मागच्या दोन्ही कडा हलक्या हाताने दाबल्या, चेन धरायला लागली. दात शाबूत असतील तर बहुतेक वेळा रनरच सैल झालेला असतो; हे त्या अल्टरेशनवाल्याला माहीत नसेल? मग आतून जुन्या शर्टाचा तुकडा लावून दाट धावदोरा घातला. टाके विरलेल्या जागेच्या पुढे चांगल्या कापडात न्यायचे, नाहीतर टाक्यांच्या कडेनेच फाटतं.

सुई हातात होतीच म्हणून नव्या शर्टाची बटणंही पक्की केली. बऱ्याच तयार शर्टांची बटणं एकेरी दोऱ्याच्या साखळी टाक्याने लावलेली असतात. लोंबणारं टोक ओढलं की सगळी साखळी सुटते आणि बटण हातात. हजार-बाराशे मोजायचे आणि घरी येऊन शिवणकाम आपणच करायचं. आतल्या पट्टीवर एक जादा बटण तेवढं देतात. तेही त्याच टाक्याने लावलेलं.