ग्रीसची बारा निप्पलं, अन् एक पण कुणी दाखवलं नाय

आज चौथा दिवस, ट्रॅक्टर उभाय. बांधावर शेणखताचे दोन ढीग पडलेत, आभाळ भरून आलंय, फळछाटणी तोंडावर आलीय आणि मी इथं तासगावात लेथवाल्याच्या दारात बसलोय, कशासाठी तर लोडरच्या एका पिनेसाठी. पंचवीस एमएमची पिन! एवढा संताप झालाय की काय सांगू.

गेल्या वर्षी बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला पुढं लोडर, म्हणजे खत उचलून भरायची बकेट अन् तिचे हात, बसवून घेतला. खत भरायला माणूस मिळत नाय, मिळाला तर दुपारी दोनला घरी जातो, म्हणून एवढे पैसे घातले. डिलिव्हरीला नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढले सगळं झालं. ग्रीस कुठं कुठं मारायचं एवढं विचारलं तर बसवणारा म्हणतो, "अण्णा, गड्याला माहिती असतंय की." अरे गड्याला कुठनं माहिती असणार, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लोडर बघितला! त्याला जी निप्पलं, म्हणजे ग्रीस आत सोडायची छोटी तोंडं, उभ्या उभ्या दिसली त्यात तो इमानदारीनं ग्रीस मारत राहिला. त्याच्यावर माझा काडीचा राग नाय.

मी काल स्वतः खाली बसून मोजली. उचलायचे दोन सिलेंडर, बकेट वाकवायचे दोन, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एकेक म्हणजे आठ झाली, बूम म्हणजे बकेट उचलणारा हात जिथं फ्रेमला जोडलाय तिथं दोन, बकेटच्या पिनांना दोन. बारा. त्यातली बूमची दोन निप्पलं कुठं दिलीत माहितीय का, ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला, चाकाच्या मागं, तोंड पत्र्याकडं! ग्रीस गनचं तोंड तिथं बसतच नाय. ज्यानं हे डिझाईन केलं त्यानं एकदा तरी चिखलात गुडघे टेकून हातात गन धरून बघितलं असतं का? लोडर कामात असला की दर दहा तासाला ग्रीस पाहिजे म्हणतात, शेणखतात अन् चिखलात असला तर रोज, आणि निप्पल देता असल्या जागी!

आता फिटरची कथा. लोडर उचलताना घरघर आवाज यायचा, बूम झटके मारत वर जायचा, खाली येताना कर्र करून खाड्कन आवाज. फिटर आला, लिव्हर दोनदा हलवला, बोनटवर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, पंप गेलाय." प्रेशरचं गेज लावलं नाय, तेल मोजायची डिपस्टिक काढून बघितली नाय, थेट लोडरला तेल दाबानं पाठवणारा पंप! मी म्हटलं जरा बघा तरी, तर त्यानं प्रेशर मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह आवळला, म्हणजे प्रेशर आणखी वाढवलं, अन् तिसऱ्या दिवशी होज, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, फुटला. आणि गळती शोधायला हा माणूस होजवरनं हात फिरवतोय! दीडशे बारच्या आसपास प्रेशर असतंय त्यात, सुईएवढ्या भोकातनं तेल कातडीत घुसलं तर बोट कापायची वेळ येते. मी ओरडून हात बाजूला घ्यायला लावला. पुठ्ठा धरायचा असतो राव, पुठ्ठा, आणि तो पण लांबनं. हे मी सांगायचं का त्याला?

शेवटी मीच बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं, डिपस्टिक काढली. तेल खालच्या खुणेच्या पण खाली. लोडर बसवल्यावर चार सिलेंडर अन् होज भरायला जेवढं तेल जातं तेवढं परत टाकायचं असतं, ते बसवणाऱ्यानं टाकलंच नव्हतं. साडेचार लिटर बसलं. दहा-बारा वेळा वर-खाली केला, हवा निघाली, घरघर बंद, झटके बंद. पंप ठणठणीत! तो फिटर पंप बदलून मोकळा झाला असता अन् मी पैसे मोजून बसलो असतो.

पण कर्र अन् खाड्कन तसंच राहिलं, कारण ती दोन निप्पलं. गन लावली तर ग्रीस आत जायचं सोडून बाजूनं बाहेर. निप्पल खोललं तर भोकात चिखल अन् जुनं ग्रीस मिळून दगड झालेला. तार घालून, डिझेल सोडून उजवीकडचं मोकळं केलं, बकेट टेकवून वजन काढलं, मग गन मारली तर आधी काळं अन् मग स्वच्छ ग्रीस कडेनं बाहेर आलं, तेव्हा कुठं जीवात जीव आला. डावीकडची पिन मात्र कोरडी चालून बुशमध्ये, म्हणजे ती ज्यात फिरते त्या नळीत, चावली होती, लॉकचा बोल्ट तुटला, पिन ब्रॅकेटमध्येच फिरायला लागली आणि भोक अंडाकृती झालं. आता वेल्डिंगनं भरा, बोअर करा, नवीन बुश, नवीन पिन. कशापायी, तर मूठभर ग्रीसपायी!

आणि दुकानात ग्रीस आणायला गेलो तर डबा उघडा, वर रस्त्याची धूळ बसलेली, त्यातलंच खरवडून द्यायला लागला. ते बुशमध्ये गेलं की पॉलिश पेपरचं काम करणार. मी सीलबंद ईपी टू, म्हणजे जास्त दाबाला टिकणारं, लिथियम ग्रीस मागितलं तर तोंड वाकडं केलं त्यानं.

लेथवाल्याला सांगितलंय, तिथं सरळ निप्पल नको, नव्वद अंशाचं लाव अन् ब्रॅकेटला गनचं तोंड जाईल एवढं भोक पाड. तो म्हणतोय उद्या संध्याकाळी देतो. मघाशी फिटरचं बिल मोबाईलवर आलं, त्यात तीन व्हिजिटचे पैसे अन् फुटलेला होज पण माझ्याच नावावर लावलाय. एक रुपया देणार नाय.