लायसन्स नाही, मग पास तरी द्या

परळच्या आमच्या कट्ट्यावर परवा बेस्टच्या भाड्यावरून सुरू झालेलं बोलणं दिव्यांगांच्या पासवर येऊन तापलं. कारण सुहास. त्याला फिट्स येतात. लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून तो कामाला बसनेच जातो. मे 2025 मध्ये कमीत कमी भाडं 5 रुपयांवरून 10 वर गेलं. ते पाच रुपये त्याच्यासारख्याला रोज जाता-येता जाणवतात.

"मग दिव्यांगांचा पास काढ की," नंदू म्हणाला.

"कशावर काढू? दाखलाच मिळत नाही."

खरंय ते. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स आहे, आणि ते असायलाच हवेत. फिट्सचा आजार मात्र त्यात नाही. दोन फिट्सच्या मधे माणूस धडधाकट दिसतो, म्हणून त्याची अडचण कुणाला दिसत नाही.

नंदू हटेना. "यादी कुठेतरी थांबणारच ना! उद्या बीपीवाले येतील, शुगरवाले येतील. बेस्ट आधीच तोट्यात आहे."

तोट्याचं खोटं नाही. पण शैलाताईंनी त्याला बरोबर पकडलं. "लायसन्सचा फॉर्म 1 आठवतोय? फिट्स येतात का, अचानक शुद्ध हरपते का, असं त्यात सरळ विचारलंय. हो लिहिलं की लायसन्स अडतं. का, तर रस्त्यावरच्या बाकीच्यांचा जीव वाचावा म्हणून. मग याने जायचं कशाने, ते कोण बघणार?"

त्यांची भाची इंग्लंडला असते. तिथल्या 2000 सालच्या कायद्यात मोफत बसपास कुणाला, याच्या व्याख्येत हेही आहे: प्रकृतीमुळे ज्याला लायसन्स नाकारलं जाईल, तोही पात्र. म्हणजे फिट्सवाला आलाच. वर्षभर फिट आली नाही तर तिथे कारचं लायसन्स परत मिळू शकतं, त्यामुळे पास कायमचा गळ्यात पडेल अशी भीतीही नको. बसवाल्यांची भरपाई तिथली स्थानिक कौन्सिलं करतात. मला ही कसोटी फार पटली. नुसतं आजाराचं नाव बघण्यापेक्षा त्या आजाराने माणसाचं जाणं-येणं कुठे अडतं, ते बघावं.

"पण तिथे पास सकाळी साडेनऊनंतर चालतो," नंदू म्हणाला. "याला नऊला कामावर हजर व्हायचं असतं."

हा मुद्दा त्याचा बिनतोड. ती अट इथे आणायचीच नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना साध्या गाडीने मोफत जाता येतं. डायलिसिस काही त्या 21 प्रकारांत नाही. राज्य सरकारने गरज बघून ती सवलत दिली, आणि सवलतींचे पैसे सरकार एसटीला देतं. मग बेस्टसाठी पालिकेने आणि राज्याने मिळून तेच करावं. हा बोजा बेस्टच्या तिजोरीवर टाकायचा नाही, हे सुहाससारख्यांच्या पाससाठी आम्ही देणार असलेल्या निवेदनात पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

इतकं झाल्यावर नंदू सही करायला तयार झाला, पण सोबत्याला अर्धं तिकीट मागायला त्याचा अजून विरोध आहे. सुहासची बायको त्याला एकट्याला सोडत नाही, हे त्याला माहीत असूनही. त्यावर उद्या पुन्हा बसायचं ठरलंय. मसुदा शैलाताई आणतायत.