मागं दे!

ओरडलो मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून मी गेले आठ दिवस पेठेत हिंडतोय आणि आता ते पोटात राहीना.

कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. ऊन कलतं झालेलं. आमच्या तालमीचा सामना, १-१ अशी बरोबरी आणि शेवटची सहा-सात मिनिटं. तालमीचं नाव सांगत नाही. मला याच पेठेत राहायचंय आणि आमचा दूधवालाही इथलाच आहे. तर आमचा डावा बॅक, ज्याला सगळी पेठ बारक्या म्हणते, चेंडू घेऊन आपल्याच हाफमध्ये उभा होता. समोरून त्यांचा फॉरवर्ड अंगावर येत होता. पुढं मारावा तर पुढं आपलं कुणी नाही. चेंडू सरळ रेषेबाहेर काढावा, हे आता कळतं. त्या क्षणी मात्र मी पायरीवर उभा राहिलो आणि तोंडातला शेंगदाणा गिळायचीही वाट न बघता, जीव खाऊन ओरडलो, “मागं दे!”

आणि त्यानं मागं दिला.

पेन्शनर सकाळी रंकाळ्यावर फिरायला निघावा तसा चेंडू रमतगमत गोलीकडं निघाला. त्यांचा फॉरवर्ड मात्र शेवटची एस.टी. सुटत असल्यासारखा धावला. आमचा गोली घाईनं पुढं आला, पाय उचलला आणि चेंडू सोडून आसपासच्या सगळ्याला लाथ घातली. धूळ खाली बसली तेव्हा चेंडू जाळीत होता.

पलीकडच्या बाजूला पिपाण्या, शिट्ट्या, टॉवेल हवेत. आमच्या बाजूला मयताची शांतता. त्या शांततेत माझ्या शेजारचं आठ-नऊ वर्षांचं पोरगं मान वर करून माझ्याकडं बघत होतं. काही बोललं नाही, नुसतं बघत होतं. सामना संपल्यावर फाटकाबाहेर मी त्याला आइस्कांडी घेऊन दिली. का, ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पोरगं हुशार आहे, पुढं राजकारणात जाईल.

बाहेरच्या माणसाला कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते. ती आहेच. पण ज्या तालमींच्या हौद्यात पैलवान घुमले त्यांच्याच नावानं इथं फुटबॉलचे संघ उभे राहिले: पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. त्यामुळं इथं हरतो तो नुसता संघ नसतो, गल्ली हरते. त्यात खेळाडू राहतो कुठं? तर तिसऱ्या घरात. इंग्लंडातला हरलेला खेळाडू काळ्या काचांच्या गाडीत बसतो आणि घरी जाऊन दार लावतो. आमचा हरलेला खेळाडू बूट खांद्यावर टाकून चालत निघतो, आणि वाटेत कट्टा लागतो.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी चप्पल घातली तशी बायको म्हणाली, “आज कशाला चाललाईसा? हरलाय न्हवं?”

“म्हणूनच.”

“मी दार लावून झोपतो. एक वाजल्यावर हाका मारू नका.” (आमच्याकडं बायका ‘झोपतो’च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना अजून सवय झालेली नाही.)

खरं तर मला जायचं नव्हतं. पण आपण नसताना काय निघेल याचा भरवसा नसतो. गुन्हेगार घटनास्थळी परत येतो म्हणतात, त्यामागं हेच कारण असणार. पुरावा किती सापडलाय ते त्याला बघायचं असतं.

कट्टा भरला होता. मधोमध आप्पा. ते जुने खेळाडू. दोन्ही गुडघे खेळात गेले आणि आवाज तेवढा राहिला. त्यांच्या डाव्या हाताला रिक्षावाले मामा. उजवीकडं डॉक्टर, म्हणजे एका दवाखान्यातले कंपाउंडर. पण पेठेत सूज, मुरगळ आणि फॉर्मेशन या तिन्हींवर शेवटचा शब्द त्यांचा. विषय प्रशिक्षकाचा चालला होता. आमच्याकडं प्रशिक्षकाला तीन नावं आहेत. जिंकलो की ‘सर’, बरोबरी झाली की ‘मास्तर’ आणि हरलो की ‘त्यो’.

“त्येनं धा नंबरला काढलाच कशाला?” मामा विचारत होते. “एकानं पुढं हाय, पोरगं पळालंय, आन् त्यो काढतोय!”

“लीड सांभाळायची असती मामा,” डॉक्टर म्हणाले. “एक डिफेंडर वाढवला. शास्त्रानं बरोबर हाय.”

“सांभाळली का मग?”

“शास्त्र बरोबर हाय म्हटलं मी. पोरं बरोबर हाईत असं कुठं म्हटलं?”

मला हे ऐकून फार बरं वाटलं. माझं धोरण सरळ होतं: चर्चा बॅकपासपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची. हॉलंडपर्यंत न्यायची माझी तयारी होती, आणि मी नेलीच. म्हटलं, बदल बरोबर का चूक हे चेंडू ठरवतो, आपण नंतर त्यावर सही करतो. २०१४ चा वर्ल्डकप आठवा. हॉलंड विरुद्ध कोस्टारिका, उपांत्यपूर्व सामना, जादा वेळही संपत आलेली. १२० व्या मिनिटाला हॉलंडचा प्रशिक्षक व्हॅन हाल यानं चांगला खेळत असलेला गोली काढला आणि टिम क्रूल नावाचा उंच गोली फक्त टायब्रेकरसाठी आत घातला. पहिल्या गोलीला आधी सांगितलंसुद्धा नव्हतं. क्रूलनं दोन पेनल्ट्या अडवल्या. सगळं जग म्हणालं, काय डोकं आहे!

“डोकं हायच,” आप्पा म्हणाले.

“थांबा. २०२१ ची युरो फायनल. वेम्बली, इंग्लंड विरुद्ध इटली. तेच १२० वं मिनिट. इंग्लंडचा प्रशिक्षक साउथगेट यानं रॅशफोर्ड आणि सांचो ही दोन ताजी पोरं फक्त टायब्रेकरसाठी आत घातली. एकाचा फटका खांबाला, दुसऱ्याचा गोलीच्या हातात. सगळं जग म्हणालं, डोकं फिरलंय का याचं! मिनिट तेच, युक्ती तीच.”

मी थांबलो. कट्टा विचारात पडला. आपण काहीतरी मोठं बोललो असं मलाही वाटलं. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला, डॉक्टरांनी मान हलवली. मामा म्हणाले, “आन् त्या हॉलंडच्या मानसानं पुढच्या सामन्यात काय केलं?”

ही एक खोड आहे मामांची. वर्ल्डकपच्या महिन्यात ते रात्री रिक्षा काढत नाहीत, त्यामुळं सगळं पाठ असतं. पुढच्या सामन्यात, अर्जेंटिनाविरुद्ध, व्हॅन हालकडं बदलच शिल्लक नव्हते. पहिल्याच गोलीला टायब्रेकरला उभं राहावं लागलं आणि हॉलंड हरलं.

“म्हंजे बदली जपून वापराव्यात,” मामा म्हणाले. “त्येच म्हणालोय मी मघापास्नं. आपल्या त्यानं तिन्ही वापरून ठेवल्या.”

फिरून भोपळे चौकात. तरी हरकत नव्हती, गाडी अजून प्रशिक्षकावरच होती. पण तेवढ्यात आप्पांनी घसा साफ केला.

“त्ये सगळं राहू द्या. बॅकपास कशाला दिला त्यानं?”

माझ्या पोटात गोळा आला.

“आमच्या टायमाला,” आप्पा म्हणाले, “बॅकपास दिला की गोली हातात धरायचा. ईषय संपला. ९२ ला नियम बदलला आन् तिथंच फुटबॉल मेला.”

नियम खरंच १९९२ साली बदलला. १९९० च्या इटलीतल्या वर्ल्डकपला संघ पुढं असले की चेंडू गोलीकडं द्यायचे, गोली तो हातात घेऊन उभा, सोडला की परत मागं, असा कीर्तनासारखा वेळ काढत. त्यावर हा उतारा निघाला: आपल्याच माणसानं मुद्दाम पायानं मागं दिलेला चेंडू गोलीनं हातानं धरायचा नाही. खेळ वाचला म्हणतात. आमचा गोली मात्र त्या दिवसापासून मनानं अनाथ आहे. ९२ ला त्याचा जन्मही झाला नव्हता, पण वारसा म्हणून काही असतंच की.

मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, पोराला बोलू नका, शाप लागतो. १९५० साली रिओत माराकाना मैदानावर ब्राझील उरुग्वेकडून २-१ असं हरलं. गोली होता बार्बोसा. उरुग्वेचा घिगिया उजवीकडून आला, हा चेंडू आत टाकणार म्हणून बार्बोसा एक पाऊल सरकला, आणि घिगियानं जवळच्याच खांबालगत मारला. त्या एका पावलासाठी देशानं त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही. आणि मेला कधी? २००० साली. पन्नास वर्षं!

कट्ट्यावर कुणी बोलेना. मामांनी डोळे पुसले की काय असंही वाटलं.

“वाईट झालं,” आप्पा म्हणाले. “पर त्यो बी बॅकपासच हुता का?”

आता माझ्याकडं काही उरलं नव्हतं. २०१७ चं दिल्लीतलं उदाहरण होतं. सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपात आपण ८२ व्या मिनिटाला कोलंबियाशी बरोबरी केली आणि पुढच्याच मिनिटाला गोल खाल्ला. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता म्हणून सगळी पेठ टीव्हीसमोर होती. पण तेही मामांनी माझ्याआधी काढलं, आणि बारक्याच्या विरोधातच वापरलं.

मग डॉक्टरांच्या पुतण्यानं मोबाइल काढला.

“गोलचा व्हिडिओ हाय माझ्याकडं. गॅलरीतनं घेतलाय. आवाजासकट.”

आवाजासकट! घाम म्हणजे काय ते मला त्या वेळी कळलं. सात-आठ डोकी त्या मोबाइलवर वाकली. बारक्या चेंडू घेऊन उभा. पिपाणी. “बाहेर काढ!” “मार की लगा!” “सोड, सोड!” एक शिवी, दुसरी शिवी, तिसरीत माझ्या ओळखीचा सूर. आणि मग बारीक, लांबून, पण आहेच: “मागं...” पुढं परत पिपाणी.

“परत लाव,” आप्पा म्हणाले.

तीनदा लावला. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी मोबाइल स्टेथोस्कोपसारखा कानाला धरला आणि निदान केलं, “मागं दे म्हटलंय कोणतरी.”

“म्हंजे आपल्यातलाच हाय!” मामा उठून उभे राहिले. “पोरगं बाहेर काढत हुतं. ह्या भाड्यानं वरनं सांगितलं म्हणून मागं दिलं. कोण हाय त्यो?”

एवढा वेळ प्रशिक्षक, गोली, दहा नंबर आणि ९२ चा नियम यांत वाटला गेलेला सगळा राग क्षणात एका जागी गोळा झाला. पेठेला एकच माणूस हवा असतो, तो सापडला होता. फक्त चेहरा बाकी होता. मी सगळ्यांत मोठ्यानं बोललो. म्हणालो, “असल्या माणसाला स्टेडियमची पायरीसुद्धा चढू देऊ नये! बापजन्मात चेंडूला पाय लावला नसणार त्यानं!” दुसरं वाक्य खरंच होतं. शाळेच्या संघात मी राखीव होतो, आणि राखीवच राहिलो.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बारक्या आला. हातात दुधाची पिशवी, एक पाय थोडा ओढत. कट्टा गप्प झाला, आणि मग सगळे एकदम गोड झाले, जसे नेहमीच समोर आल्यावर होतात.

“जेवलाईस का रे?” आप्पांनी विचारलं.

“व्हय आप्पा.”

“हितं बस. एक सांग. कोण ओरडला त्ये ऐकलंस न्हवं तू? मागं दे म्हणून?”

माझ्या डोळ्यांपुढं बार्बोसाची पन्नास वर्षं उभी राहिली. बारक्यानं आळीपाळीनं सगळ्यांकडं बघितलं. माझ्याकडंही.

“तिथं काय ऐकू येतंय व्हय आप्पा? नुसता कालवा असतोय. पिपाणीबी निम्मीच येती.”

“मग मागं का दिलास?”

“पायात गोळा आलता. उजवा उचलंना, डावा वळंना. जेवढा सरकला तेवढा सरकावला. सरांनी बघितलं, पर बदली संपल्या हुत्या.”

आणि दूध तापवायचंय म्हणून तो निघून गेला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही, घराच्या दोन पायऱ्या चढण्याइतकं. पण कट्ट्यावरच्या कुणालाच बरं वाटलं नव्हतं हे दिसत होतं. आप्पा चाळीस वर्षं त्या पायऱ्यांवरून ‘विंग बदल’ सांगतायत. मामांनी किती फॉरवर्डना ऑफसाइडमधून ओढून काढलंय ते त्यांचं त्यांना माहीत. मी स्वतः गेली तीस वर्षं, उन्हात, घसा फाडून, तिकीट काढून मार्गदर्शन करतोय. आणि हे पोरगं म्हणतं, काय ऐकूच येत नाही.

“गोळा येणारच,” बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाले. “पाणी कमी पितात पोरं.”

“केळं खायला पायजे मध्यंतरात,” मामा म्हणाले.

“आमच्या टायमाला गूळ-शेंगा द्यायचे,” आप्पा म्हणाले, आणि कट्टा पुन्हा नीट बसला.

मी एक वाजता निघालो. दार बंद होतं. हाका मारायच्या नव्हत्या, म्हणून कडी हलक्या हातानं वाजवली. आतून लगेच आवाज आला, “ऐकू आलं. आरडू नका.”

पुढचा सामना रविवारी आहे. या वेळी जरा खाली, जाळीजवळ बसावं म्हणतो.