‘वीजबचत योजना म्हणजे निव्वळ थोतांड’: फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

उन्हाळा लागला, बिलं वाढली, की मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, म्हणणं तेच असतं. एलईडी बल्ब आले, फाइव्ह स्टार पंखे आले, तरी बिल वाढतंच आहे, म्हणजे बचत खोटी. वाचलेले युनिट सरकार कागदावर ठरवतं, मोजत कुणीच नाही. लोकांनी वीज वाचवली की महावितरणचं उत्पन्न बुडतं आणि ते दर वाढवून आपल्याकडूनच वसूल होतं. शेतीपंप बदलून तर काडीचा फरक पडत नाही. आणि शेवटी, एवढी बचत झाली असेल तर नवे वीजप्रकल्प कशाला?

हे लिहिणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. पण यातले काही मुद्दे साफ चुकीचे आहेत, काही अर्धे खरे आहेत. अर्धे खरे जास्त नुकसान करतात, म्हणून एकेक घेतो.

बिल वाढलं म्हणजे बचत झाली नाही, हा सगळ्यात जास्त पटणारा आणि सगळ्यात कच्चा मुद्दा. बिलात युनिट असतात, दर असतो, दरमहा ठरलेला स्थिर आकार, तारांतून वीज पोचवण्याचा वहन आकार, इंधन-खरेदीच्या वाढत्या खर्चापोटीचा इंधन समायोजन आकार असतो आणि वर 16 टक्के वीज शुल्क. बल्ब बदलून यातले फक्त युनिट आणि युनिटांवर लागणारी रक्कम कमी होते, दर आणि स्थिर आकार नाही. शिवाय त्याच घरात मधल्या काळात कूलर आला, फ्रिज आला, बोअरची मोटार आली, तर एकूण युनिट वाढणारच. प्रश्न असा विचारायला हवा की जुनीच उपकरणं राहिली असती तर आज किती युनिट पडले असते? तो आकडा कुठल्याच मीटरवर दिसत नाही, तो काढावा लागतो. वीजबचतीचं मूल्यमापन म्हणतात ते हेच.

घरच्या घरी ढोबळ अंदाज येतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. रुपये बाजूला ठेवा, युनिट बघा, आणि यंदाचा मे गेल्या वर्षीच्या मेशीच ताडून बघा. परभणी-नांदेडकडे पारा 42-43 अंशांवर जातो तो महिना पावसाळ्यातल्या ऑगस्टशी लावून काही कळत नाही.

आणि बचतीचं मोल युनिटच्या टप्प्यावर ठरतं. 2024-25 च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटांसाठी ऊर्जा आकार 4.71 रुपये होता, 101 ते 300 साठी 10.29 रुपये, आणि दोन्हींवर 1.17 रुपये वहन आकार. महिना 140 युनिट जाळणाऱ्या घराने दोन जुने 75 वॉटचे पंखे काढून 30 वॉटचे लावले आणि ते दिवसाला 15 तास फिरले, तर महिन्याला 40 युनिट वाचतात. हे चाळीसच्या चाळीस युनिट वरच्या टप्प्यातले. शुल्कासकट हिशोब केला तर महिन्याला पाचशे रुपयांहून जास्त होतात. ही रक्कम ज्याच्या घरात वाचते त्याला ‘बचत खोटी’ असं सांगणं हे त्याचं नुकसान करणं आहे.

आता ‘कुणी मोजत नाही’. इथे संदेशात तथ्य आहे, म्हणून जरा थांबू.

5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर 36 कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. त्यांतून वर्षाला सुमारे 4,800 कोटी युनिट वाचतात असं सरकार सांगतं. भागाकार करा: एका बल्बमागे वर्षाला साधारण 130 युनिट. हा आकडा कधी येतो? 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब काढून 9 वॉटचा एलईडी लावला आणि तो रोज 7 तास, वर्षाचे 365 दिवस जळला, तर. म्हणजे हा गृहीत धरलेला आकडा आहे, घरोघर मोजलेला नाही. ज्या घरात 60 वॉटच्या जागी आधीच 14 वॉटचा सीएफएल (ट्यूबसारखा पांढरा छोटा दिवा) होता तिथे त्याच हिशोबाने वर्षाला 13 च्या आसपासच युनिट वाचतात, दहावा हिस्सा. न्हाणीघरातला किंवा देवघरातला दिवा 7 तास जळत नाही. आणि काहींनी तसाही बाजारातून एलईडी घेतलाच असता, त्यांची बचत योजनेच्या खात्यात धरणं बरोबर नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 2014 मध्ये सरकारी खरेदीत 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. ही घसरण एवढ्या मोठ्या एकत्रित खरेदीशिवाय इतक्या झपाट्याने झाली नसती. योजनेचा बल्ब कधी हातातही न घेतलेल्या माणसाने बीडच्या किंवा वसमतच्या दुकानातून स्वस्त एलईडी घेतला, त्याची बचत त्या 4,800 कोटींत कुठेच नाही. गृहीतकं एका बाजूला जास्त धरतात, दुसऱ्या बाजूला सोडून देतात. म्हणून आकडा तपासा असं म्हणणं योग्य आहे. आकडा गृहीत आहे म्हणून बचत शून्य, हे म्हणणं चूक.

मोजता येत नाही असंही नाही. मेक्सिकोत 2009 पासून जुने फ्रिज आणि एसी बदलून देण्याची मोठी सरकारी योजना झाली. अभ्यासकांनी नंतर घराघरांची वीजबिलं तपासली. फ्रिजची बचत अंदाजाच्या चौथ्या हिश्श्याइतकीच निघाली, आणि एसी बदललेल्या घरांत वापर उलट वाढला, कारण एसी चांगला चालू लागला तसा लोकांनी तो जास्त चालवला. उलट अमेरिकेत लाखो घरांना ‘तुमचा वापर शेजाऱ्यांच्या तुलनेत किती’ असं पत्र पाठवलं गेलं. कुणाला पत्र पाठवायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे दोन्ही गटांची सरळ तुलना करता आली. बचत निघाली साधारण 2 टक्के. लहान आकडा, पण भरवशाचा. मला असा 2 टक्क्यांचा आकडा कागदावरच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यावर पुढचा पैसा कुठे लावायचा हे ठरवता येतं.

‘वीज वाचवली की दर वाढतो.’ हा मुद्दा वीजधंद्यातल्या जाणकारांनाही अडवतो. महावितरणला दर मनाने ठरवता येत नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग तिचा मान्य खर्च ठरवतो, तो विकायच्या युनिटांवर वाटतो, आणि नंतर प्रत्यक्ष आकड्यांशी मेळ घालतो. खर्चातला काही भाग, म्हणजे तारा, उपकेंद्रं, पगार, वीजनिर्मिती केंद्रांचा करारातला स्थिर आकार, वीज कमी विकली तरी कमी होत नाही. तो कमी युनिटांवर पडला तर दर किंचित वर सरकू शकतो. इथपर्यंत संदेश बरोबर.

पुढचं त्यात येत नाही. खर्चातला सर्वांत मोठा भाग वीजखरेदीचा आहे आणि तो बचतीने घटतो. वाटेतली हानी, म्हणजे खरेदी केलेली पण मीटरपर्यंत न पोचलेली वीज, 20 टक्के असेल तर तुमच्या मीटरवर एक युनिट वाचला की खरेदीत सव्वा युनिट वाचतो. संध्याकाळच्या महागड्या तासांत वाचला तर फायदा आणखी मोठा. शिवाय कोणाचा युनिट वाचला यावर बरंच अवलंबून आहे. पहिल्या 100 युनिटांतला घरगुती ग्राहक आणि शेतीपंप यांना सरासरी पुरवठा खर्चापेक्षा कमी दराने वीज मिळते, त्यांचा युनिट वाचला तर महावितरणचा तोटाच कमी होतो. जालन्याच्या स्टील कारखान्यातला किंवा वाळूजच्या एखाद्या कंपनीतला युनिट वाचला तर मात्र चढ्या दराचं उत्पन्न जातं. एकाच नावाखालच्या दोन योजनांचा इतर ग्राहकांवर परिणाम उलटसुलट होऊ शकतो तो असा.

आयोगाला हे माहीत नाही असं कुणी समजू नये. 2010 मध्येच आयोगाने मागणी-व्यवस्थापनाच्या, म्हणजे ग्राहकांकडची वीजमागणी आवरण्याच्या, योजना कशा राबवायच्या आणि त्यांची किफायत कशी तपासायची यासाठी दोन स्वतंत्र विनियम केले. समाजाचा एकूण खर्च कमी होतो का, आणि योजनेत नसलेल्या ग्राहकाच्या दरावर काय परिणाम होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते वेगळेच तपासायचे असतात. दर युनिटामागे पैसाभर वाढला आणि युनिट पंचवीस टक्क्यांनी घटले तर ज्याने वाचवलं त्याचं बिल कमीच येतं. ज्याने काहीच बदललं नाही त्याच्यावर थोडा भार येतो, हे खरं. म्हणून लातूरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत, तांड्यावरच्या घरापर्यंत योजना पोचते का हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि संदेशाने तो विचारायला हवा होता.

शेतीपंपांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण मराठवाड्याचं पाणी आणि वीज तिथेच एकत्र येतात.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याला, 2,209 जुने पंप बदलून पहिला पथदर्शी प्रकल्प केला. ब्युरोचा आकडा 61 लाख युनिट बचतीचा, म्हणजे एका पंपामागे सुमारे 2,760 युनिट. ‘काडीचा फरक नाही’ हे यापुढे टिकत नाही. पण तोच आकडा उचलून आपल्या प्रत्येक शिवाराला लावणंही धोक्याचं आहे.

कारण असं: शेती फिडरला, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या वाहिनीला, थ्री फेज ठरावीक तासच येते. बहुतेकांनी मोटारीला ऑटो स्विच लावलेला असतो, वीज आली की मोटार सुरू, गेली की बंद. 5 अश्वशक्तीची जुनी मोटार काढून 5 अश्वशक्तीचीच स्टार मोटार बसवली तर तास तेच राहतात, वीजही जवळपास तेवढीच ओढली जाते, वाढतं ते पाणी. अशा वेळी ‘वाचलेली’ वीज उसाच्या सरीत जाते. उलट आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरीला दिवसाला ठरावीकच झिरपा असेल, तर चांगली मोटार ती लवकर उपसते आणि नंतर बंद ठेवली तर युनिट खरोखर वाचतात. म्हणजे बचत मोटारीवरच्या स्टारवर कमी आणि विहिरीवर, हंगामावर, ऑटो स्विचवर जास्त ठरते. खरी बचत हवी तर नवी मोटार पाण्याच्या खोलीप्रमाणे लहान अश्वशक्तीची निवडावी लागते, आणि व्होल्टेज सुधारावं लागतं. व्होल्टेज पडलेल्या डीपीवर नवी मोटार जळली, गावातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे गेली, की तिची कार्यक्षमता बहुधा पहिल्यासारखी राहत नाही.

2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला युनिट वाचवण्याचं आर्थिक कारण उरलेलं नाही, पण त्या युनिटाचा खर्च संपलेला नाही. तो शासनाच्या अनुदानातून आणि इतर ग्राहकांच्या दरातून जातो. त्यामुळे पंपांची बचत मोजणं आता आधीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे. अडचण मोजमापाच्या पायातच आहे. कित्येक पंपांना मीटर नाही, वापर अंदाजे धरला जातो. आयोगाने नेमलेल्या कार्यगटाच्या अभ्यासानंतर 2020 च्या वीजदर आदेशात शेतीचा धरलेला वापर कमी करण्यात आला आणि तेवढी वितरण हानी वाढीव दिसली, कारण पंपांच्या नावावर धरलेली ती वीज हानीत मोजावी लागली. ज्याचा मूळ वापरच फुगलेला आहे त्यातून बचतही फुगवून दाखवता येते.

शेवटचा मुद्दा, ‘बचत झाली तर नवे प्रकल्प कशाला’, थोडक्यात. मागणी वाढते कारण जोडण्या, कारखाने, कूलर वाढतात. बचतीने ती वाढ कमी होते, उलटी फिरत नाही. आणि मराठवाड्यात तर हा प्रश्न पाण्याचाही आहे. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीच्या औष्णिक वीजकेंद्राचे संच बंद ठेवावे लागले. जुन्या कोळसा केंद्रांसाठी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 2015 मध्ये घातलेली मर्यादा युनिटामागे साडेतीन लिटर पाण्याची आहे, म्हणजे युनिट वाचला की पाणीही वाचतं.

महावितरणच्या दरप्रस्तावांवर आयोग छत्रपती संभाजीनगरलाही जनसुनावणी घेत आला आहे. पुढच्या सुनावणीला जाणाऱ्यांनी हा संदेश वाचून दाखवण्यापेक्षा तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पंप बदललेल्या आणि न बदललेल्या शेती फिडरांचे एकाच हंगामातले मीटरचे आकडे, बचतीच्या प्रत्येक दाव्यामागची गृहीतकं, आणि योजनेचा खर्च व लाभ कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या वापराच्या टप्प्यातल्या ग्राहकांकडे गेला याचा तक्ता.