‘डिग्रीले कोण विचारते?’ विचारतात, बाप्पा!

बारावीचा निकाल लागला की आपल्या वऱ्हाडातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘टेक्निकल लाइनमध्ये डिग्रीला आता कोणी विचारत नाही. बिल गेट्सनं कॉलेज सोडलं. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी बारावी पासला घेते. चार वर्षं आणि लाखो रुपये घालवण्यापेक्षा सहा महिन्यांचा कोर्स करा.’ खाली बहुतेकदा कोर्सवाल्याचाच नंबर.

गेट्सनं १९७५ मध्ये सोडलं ते हार्वर्ड. त्याच्या शाळेत १९६८ सालीच कॉम्प्युटरचं टर्मिनल आलं होतं. म्हणजे कॉलेज सोडताना सात वर्षं हात बसलेला, आणि बाप नावाजलेला वकील. कोरडवाहू कपाशीवर घर चालणाऱ्या दारव्ह्याच्या पोट्ट्यानं यातलं नेमकं काय उचलायचं?

झोहो बारावी पास पोरं घेते, खरंय. पण निवडून घेते, आपल्याच शाळेत दोन वर्षं शिकवते, वर विद्यावेतन देते. कॉलेजचं काम कंपनीनं स्वतःच्या खर्चानं केलं, एवढाच त्याचा अर्थ. संस्थापक श्रीधर वेंबू स्वतः आयआयटी मद्रासचे, प्रिन्स्टनचे पीएचडी. हे मेसेजमध्ये नसतं.

राहिलं ‘कोणी विचारत नाही’. महावितरणची जाहिरात काढून वाचा. विद्युत सहाय्यक म्हणून खांबावर चढायचं तरी आयटीआयचं किंवा तसंच सर्टिफिकेट लागतं, कनिष्ठ अभियंत्याला डिप्लोमा. गावातल्या सगळ्या मोटारी रिवाइंडिंग करणारा माणूस कितीही तरबेज असो, कागद नसेल तर त्याचा अर्जच भरला जात नाही. मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशर घेतात तेही मुख्यतः कॉलेजांतूनच. पुण्यात ज्याचा मामा टीम लीड आहे, त्याचा बायोडाटा डिग्रीशिवायही कोणीतरी पुढे सरकवेल. आपल्याकडच्या पोराची शिफारस करायला तो कागदच असतो. पाच-सात वर्षं काम केल्यावर मार्कशीट कोणी मागत नाही, हे मान्य. पण पहिली नोकरी तर लागू द्या.

लॅब कुलपात आणि सबमिशन कॉपी, अशी कॉलेजं आहेत. ती टाळा. शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा होतो, पुढे थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

पैशाचं म्हणाल, तर २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. त्या सहा महिन्यांच्या कोर्सची फी मात्र बापालाच भरावी लागते, तीही बहुधा आधीच.