वाघही केशरीच असतो की!

सफारीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या एकाने वर ‘तुला तर माहीतच असेल’ अशी पुस्तीही जोडली. मजकूर थोडक्यात असा: जंगली जनावराला लाल-केशरी रंग सगळ्यात आधी दिसतो. म्हणून अमेरिकेतले शिकारी आपादमस्तक कॅमोफ्लाज घालतात. छपाई जितकी खऱ्या पानाफांद्यांसारखी, तितका माणूस अदृश्य. तेव्हा ताडोबाला जाण्याआधी चांगल्या ब्रँडचा सेट घ्या. खाली लिंक आहेच.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात तीन हिवाळे काढले. बंदुकीला हात लावला नाही, पण नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे नऊ दिवस आले की आमचं निम्मं ऑफिस रजेवर जायचं, आणि उरलेल्यांच्या गप्पा त्याच. त्या भांडवलावर हे लिहितोय.

आधी डोळ्यांचं. रंग ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. निळा त्यांना छान कळतो, हिरवा-पिवळाही कळतो. लाल-केशरी वेगळा काढायला जी तिसरी पेशी लागते ती नाहीच. भडक केशरी जाकीट त्यांच्या लेखी पाचोळ्यात जमा. पटत नसेल तर वाघ बघा. केशरी सगळ्यात आधी दिसत असता तर वाघावर केव्हाच उपासमारीची पाळी आली असती! ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच ताडून पाहिलं: दोनच रंगपेशी असलेल्या डोळ्याला वाघाचं केशरी अंग झाडोऱ्याच्या हिरव्यात मिसळून जातं. तो उठून दिसतो आपल्याला.

आता अमेरिकेतले शिकारी. मेसेजमधलं हे वाक्य तर थेट उलटं आहे. बंदुकीच्या मोसमात बहुतेक राज्यांत भडक केशरी घालणं कायद्याने सक्तीचं आहे. विस्कॉन्सिनमध्ये कमरेच्या वरचे निम्मे कपडे तरी त्या रंगाचे हवेत, डोक्यावर काही असेल तर तेही. २०१६ पासून तिथे भडक गुलाबीही चालतो. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंचांचा हिशेब आहे. ही काळजी हरणाची नाही. झाडामागे बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला हरीण समजू नये, एवढ्यासाठी. आणि या कायद्यांच्या आधी तिथली माणसं काय घालून शिकार करायची? लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी कोट. पेनसिल्व्हेनियातल्या वुलरिच गिरणीचा तो कोट घालून लोकांनी पिढ्यानपिढ्या हरणं मारली.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. धनुष्यबाणाने शिकार करणारा जनावराच्या वीस-तीस पावलांवर असतो, तो कॅमोफ्लाज घालतो आणि त्याला त्याचा उपयोगही होतो. रानटी टर्कीच्या मागे जाणाराही घालतो, कारण पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षाही चांगले दिसतात. गंमत म्हणजे टर्कीवाल्याला लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग अंगावर नको असं बजावलेलं असतं. नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं. खिशातून लाल रुमाल काढलात तर पलीकडचा कुणी त्यावरच नेम धरायचा.

छपाई जितकी हुबेहूब तितका माणूस अदृश्य, हा दावा मला सगळ्यात आवडला, कारण तो थेट दुकानातून आलाय. पूर्वी शिकारी लष्कराचे जुने कपडे वापरत. १९८६ मध्ये मिसिसिपीतल्या टॉक्सी हास यांनी जंगलातली मूठभर माती-पानं उचलून गिरणीत नेली आणि ‘असं कापड द्या’ म्हटलं. तो मॉसी ओक हा कॅमोफ्लाजचा ब्रँड. त्याच वर्षी जॉर्जियात बिल जॉर्डन यांनी आईवडिलांच्या अंगणातल्या ओकच्या झाडाचं चित्र काढून रिअलट्री हा दुसरा ब्रँड सुरू केला. पुढे चढाओढीत पानाची शीरन् शीर कापडावर उमटू लागली. दुकानात हँगरवर ती भुरळ पाडते. पन्नास पावलांवरून मात्र त्या बारीक पानांचा एकच काळपट गोळा होतो, आणि बारकावे टिपण्यात हरणाची नजर आपल्याहून कच्ची. म्हणून नंतर शिकारी कपडे बनवणाऱ्या सिटका कंपनीने गोअर या कापडवाल्या कंपनीबरोबर ऑप्टिफेड नावाचा जो छापा आणला, त्यात पान नाही की फांदी नाही. नुसते लहानमोठे ठिपके आणि डाग, माणसाचा आकार फोडणारे. आता पुन्हा जुन्या मॉसी ओकची फॅशन आली आहे. ती हरणांनी आणलेली नाही. माझा एक सहकारी रिअलट्रीवाल्यांना हसायचा, कारण त्याचे वडील मॉसी ओकवाले. आपल्याकडे एखाद्या घरात तीन पिढ्या एकाच दुकानाची चहापत्ती येते, तसलं हे प्रेम. हीच छपाई ट्रकच्या सीटवर, सोफ्यावर, अगदी लग्नाच्या पोशाखावरही मिळते. तिथे कोण कुणापासून लपतंय?

त्याच सहकाऱ्याने मला एकदा गोठ्यात नेऊन दिवा मालवला. माझं नवंकोरं कॅमो जाकीट मी हौसेने नेहमीच्या पावडरीत धुऊन नेलं होतं. त्याने जांभळी टॉर्च मारली आणि माझ्या दोन्ही बाह्या ट्यूबलाइटसारख्या निळ्या उजळल्या. शेजारी खुंटीवरचा त्याच्या आजोबांचा लाल चौकड्यांचा कोट गपगार काळा. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जे चकाकी आणणारं रसायन घालतात, ते अतिनील प्रकाश घेऊन निळा सोडतं. हरणाच्या डोळ्याचं भिंग अतिनील प्रकाश आपल्यासारखा अडवत नाही, आणि निळा तर त्याला उत्तम दिसतो. पडताळा घ्यायचा तर वाण्याकडच्या नोटा तपासायच्या दिव्याखाली आपला टीशर्ट धरून बघा.

शिवाय हालचाल आणि वास यांना छपाईचा उतारा नाही. आपल्याकडच्या पारध्यांत ‘गायके’ म्हणून एक गट होता. ते बैलाच्या आडून, त्याच्या चालीने सावजाजवळ सरकत. कपड्यावर पैसा नाही, माणसाचा आकारच गायब. सफारीत तर आपण उघड्या जिप्सीत सहा जण बसलेले, इंजिन चालू, कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडतंय. वाघाने ती जिप्सी रोज पाहिलेली असते.

त्यातून ‘आर्मी प्रिंट’ म्हणून फुटपाथवर जे मिळतं ते तर नकोच. लष्कराने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाची छपाई नोंदणीकृत आहे, तिची नक्कल विकणं बेकायदा आहे.

चौघांनाही मी एकच उत्तर पाठवलं: तुझी ती मातकट रंगाची जुनी पँट आणि उन्हाने विटलेला शर्ट चालेल. पक्ष्यांसाठी पांढरं आणि भडक टाळ. आणि निघायच्या आधी ते नुसत्या पाण्यातून काढ, पावडर नको.